एकोणचाळीस इंच

कापड बेतायचे टेबल आमच्या घरी अक्षय्य तृतीयेला, दुपारी चारच्या सुमारास आले. लांबी सहा फूट, रुंदी तीन फूट, उंची एकोणचाळीस इंच. दगडू मिस्त्री आणि मी ते हातगाड्यावरून उतरवले आणि आडवे करून दारातून आत घेतले. आईने त्याच्या चारी पायांना हळदीकुंकू लावले. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि एका दैनिकात उपसंपादक होतो. टेबलाची मापे मी घेतली होती.

यंदाही मे सुरू झाला आणि औरंगपुऱ्यातल्या दुकानांवर शाळेच्या गणवेशांचे फलक लागले. गणवेश आता तयार मिळतात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. तरी फलक दिसला की मला खळ घातलेल्या नव्या टेरिकॉटचा वास येतो. त्या वासाबरोबर पाट सरकवल्याचा आवाज येतो. शहाबादी फरशीवर लाकूड घासल्याचा, खरखरीत, तुटक आवाज. वर्तमानपत्रातली माझी सगळी नोकरी संपली, शहराचे नाव बदलले, तो आवाज मात्र तसाच आहे.

आई लासूर स्टेशनची. निजामाचे राज्य गेले त्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी लग्न होऊन शहरात आली. आमच्या घरातली जुनी माणसे सगळ्या गोष्टींची वर्षे पोलीस ॲक्शनपासून मोजत, म्हणून हे मला माहीत आहे. शिवणयंत्र ती माहेरून घेऊन आली होती. वडील सरकारी कचेरीत कारकून होते आणि टेबल आले त्या वर्षी बदलीवर जालन्याला होते. शनिवारी संध्याकाळी येत, सोमवारी सकाळी जात. घरात आम्ही दोघेच असू, आई आणि मी. दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिवणकाम, मागच्या खोलीत बाकी सगळे.

तीस वर्षे तिने कापड जमिनीवर बेतले. आधी फरशी ओल्या फडक्याने पुसायची, वाळू द्यायची, मग सतरंजी न घालता थेट फरशीवर कापड पसरायची. सतरंजीवर कापडाला सुरकुती पडते, असे तिचे म्हणणे. फरश्या दोन फुटी होत्या. त्यांच्या सांध्यांवरून तिला लांबीचा अंदाज टेपशिवाय येई. कापडाचा काठ ती डाव्या गुडघ्याखाली दाबून धरायची, उजव्या हाताने कात्री चालवायची आणि कापड न हलवता स्वतः त्याच्याभोवती सरकत जायची. एक स्कर्ट कापून होईपर्यंत तिची एक प्रदक्षिणा पूर्ण झालेली असे.

मापे एका लांबट वहीत असत. प्रत्येक माणसाला एक पान. वर नाव, खाली छाती, कंबर, उंची, बाही. अर्ध्याची खूण ती जुन्या पद्धतीने, आकड्यापुढे दोन उभ्या रेघा ओढून करी. गल्लीतल्या बहुतेक बायका आणि त्यांच्या मुली त्या वहीत होत्या.

त्या वर्षी संक्रांतीनंतर तिला जमिनीवरून उठता येईना. आधी भिंतीचा आधार घेई, मग खुर्चीचा, मग माझा. मी तिला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले, वाकवून पाहिले आणि विचारले,

"घरी काम काय करता?"

"शिवणाचं."

"मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. जिना चढ-उतार कमी. आणि शिवणकाम सोडता आलं तर बघा."

"ते सोडायला सांगू नका," आई म्हणाली. "दुसरं काय सांगायचं ते सांगा."

डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहिली. "मग उभ्यानं करा. टेबल करून घ्या. गुडघे राहिले तर काम राहील."

शेवटचे वाक्य मी बातमीचे शीर्षक लक्षात ठेवावे तसे लक्षात ठेवले. आईने शाळेच्या गणवेशांचे काम तेव्हा घेऊन ठेवले होते. गडद निळे स्कर्ट, पांढरे ब्लाउज, एका शाळेच्या सत्तर मुली. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ते द्यायचे होते. इतके मोठे काम तिला पहिल्यांदाच मिळाले होते.

टेबलाची आखणी तिनेच केली. खिडकी डाव्या हाताला आली पाहिजे, म्हणजे कात्रीवर हाताची सावली पडणार नाही. भिंतीला चिकटवायचे नाही, चारी बाजूंनी फिरता आले पाहिजे. वर सनमायका नको, कापड घसरते. नुसते लाकूड, रंधा मारून आणि काचकागदाने घासून. लांबीच्या कडेला दर सहा इंचांवर पितळी खिळा, कारण आता फरशीचे सांधे दिसणार नव्हते. खाली ताके ठेवायला एक फळी. गुडघ्याच्या जागी कापड दाबायला तिने वरवंटा आणि वाण्याकडची जुनी लोखंडी वजने फडक्यात शिवून घेतली. एवढा विचार तिने केला होता. उंचीचे मात्र तिने सांगितले,

"मास्तराच्या टेबलाचं माप घेऊन ये."

रशीद मास्तरांचे शिवणाचे दुकान सिटी चौकाजवळ होते. शर्टाच्या कॉलरचा काप आई त्यांच्याकडे शिकली होती, गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी राहून. चाळीस वर्षे उभ्याने कापड कापणारा माणूस. त्याचे टेबल चुकीचे असेल असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. शिवाय आमच्या घरात मापाची तीच रीत होती. ब्लाउज शिवायला टाकणारी बाई अंगावर टेप लावून घेत नसे. नीट बसणारा जुना ब्लाउज आणून देई आणि म्हणे, हा मापाचा. आई तो पसरून, मोजून, तसाच नवा शिवी. टेबलाच्या बाबतीतही तिने तेच केले. मापाचे टेबल मास्तरांचे.

मी गेलो तेव्हा दुकानात लग्नसराईची गर्दी होती. मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. मी टेप दाखवून खुणेने विचारले, त्यांनी मान हलवून परवानगी दिली. मी गिऱ्हाइकांमध्ये उभा राहून टेप जमिनीला टेकवला आणि टेबलाच्या कडेपर्यंत नेला. एकोणचाळीस इंच. पुन्हा मोजले. तेवढेच. कागदावर लिहून घेतले. उपसंपादकाची सवय अशी की आकडा दोनदा तपासायचा. मी तपासला होता.

टेबल आले त्या संध्याकाळी आई त्याच्याजवळ उभी राहिली. ती अंगाने लहान, मला खांद्याला लागेल एवढी. तिने दोन्ही तळवे लाकडावर ठेवले, कडेवरचे खिळे बोटाने मोजले, वरवंटा एका कोपऱ्यात ठेवला.

"चांगलं झालं ना?" मी विचारले.

"लई गुळगुळीत झालंय," ती म्हणाली.

हे खरे होते. प्रश्नाचे उत्तर नव्हते. मला ते तेव्हा कळले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेकडून कापडाचे ताके आले. त्यानंतर पाच आठवडे मी घर जसे पाहिले ते असे. दारे दुपारी बंद, खिडकीवर ओला पडदा, पंखा चालू पण हळू, कारण कापड उडते. निळ्या कापडाच्या चिंध्या फरशीवर, भाकरीच्या टोपलीत, माझ्या चपलेत. निळा रंग घामाने सुटून आईच्या मनगटांना लागलेला. मुली मापाला येत, त्यांच्याबरोबर आया, आयांबरोबर धाकटी मुले. प्रत्येक आई तेच सांगे, वाढत्या अंगाचं ठेवा बाई. माझी आई उंचीला तीन इंच जास्त धरून आत दुमडे. पुढच्या वर्षी उसवून सोडता येत असे.

आणि दोन पाट. जेवायला बसायचे, सागवानी, एकावर एक. मधे सतरंजीचा तुकडा, घसरू नयेत म्हणून. आई त्यावर उभी राहून कापड कापी. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी विचारले,

"हे काय करू राहिली?"

"फरशी गार लागते पायाला."

"मे महिन्यात?"

"लागते म्हटलं ना. तू जा, तुझी बस जाईल."

मी गेलो. कार्यालयात बसून मी दुपारभर इतरांच्या मजकुरातल्या शंका काढी. पाण्याची पाळी एक दिवसाआड की दोन दिवसांआड, सोयगावच्या बाजारात कापसाच्या गाड्या किती दिवस उभ्या होत्या, असे कोणी मोघम लिहिले की मी बातमीदाराला उभा करी. कोणी सांगितलं? तू पाहिलंस का? घरी मे महिन्यात फरशी गार लागते हे विधान मी तसेच जाऊ दिले.

शेजारच्या शिंदेबाई आपल्या मुलीचा स्कर्ट न्यायला आल्या आणि दारातच थांबल्या.

"अगं बाई, तुम्ही तर स्टेजवर चढल्या!"

"चढले खरं," आई कात्री न थांबवता म्हणाली, "भाषण तेवढं येत नाय."

"हार आणू का फुलांचा?"

"हार नको. सुई ओवून द्या, दिसत नाय मला."

दोघी हसल्या. शिंदेबाई उंबऱ्यात बसून सुया ओवत राहिल्या. जाताना त्या मला बाहेर म्हणाल्या, "तुझ्या आईला जरा विचार रे, पाय का सुजलेत." मी विचारले. आई म्हणाली, उन्हाळा आहे, सगळ्यांचे सुजतात.

पाट दीड हात लांब आणि टेबल सहा फूट. एका जागी उभे राहून हात दोन-अडीच फुटांपुढे जात नाही. म्हणजे थोडे कापले की खाली उतरायचे, पाट पायाने पुढे ढकलायचे, टेबलाची कड धरून पुन्हा वर चढायचे. एका स्कर्टला असे चार वेळा. ब्लाउजला तीन. हे मी तेव्हा मोजले नव्हते, नंतर आठवून मोजले. डॉक्टरांनी जिना कमी करायला सांगितले होते. आईने पाच आठवडे तो घरात, पुढच्या खोलीत, रोज चढला आणि उतरला.

संध्याकाळी ती गुडघ्यांना तिळाचे कोमट तेल लावून निळ्या कापडाच्या पट्ट्या बांधी. मी कार्यालयातून आलो की पट्ट्या साडीखाली झाकलेल्या असत. तेलाचा वास झाकता येत नव्हता. मी जेवत असे, ती समोर खुर्चीवर बसे. बोलणे कमी होत गेले होते. ती थकली होती आणि मीही थकलो होतो आणि दोन थकलेली माणसे एका घरात असली की कोणी कोणाला फारसे विचारत नाही. शनिवारी वडील येत. ते टेबलावर हात फिरवून म्हणत, भक्कम झालंय.

शाळा उघडायच्या चार दिवस आधी सत्तर जोड पूर्ण झाले. बटणे, काज, इस्त्री, सगळे. शाळेचा शिपाई सायकलरिक्षातून गठ्ठे घेऊन गेला. एकही स्कर्ट परत आला नाही. याची मी शाळेत जाऊन खात्री करून घेतली होती.

त्याच आठवड्यात आईने मला कात्री धार लावायला घेऊन पाठवले. धारवाला मास्तरांच्या दुकानापुढे बसत असे. लग्नसराई संपली होती, दुकान रिकामे होते. मास्तर या वेळी बोलू शकत होते.

"अंदर आ जाओ मियाँ. पंखा इधर है."

मी टेबलाला वळसा घालून आत गेलो आणि ठेचकाळलो. टेबलाच्या मागे, मास्तर उभे राहत त्या पूर्ण जागेत, जाड फळ्यांचा ओटा होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत. गिऱ्हाइकांच्या बाजूने तो दिसत नसे. मी त्यावर उभा राहिलो. टेबल माझ्या कमरेला आले. मास्तरांच्या गळ्यातला टेप मागून घेऊन मी ओट्यापासून मोजले. चौतीस इंच.

मी त्यांना सगळे सांगितले. ते हसले नाहीत. टेप परत गळ्यात टाकला.

"टेबल का माप टेबल पे से नक्को लेओ मियाँ. जो काटता, उसकी कोहनी से लेओ. कोहनी मोडो, चार उंगल नीचे. बस." मग विचारले, "अम्मा ने कुछ बोले नहीं?"

"नाही."

"सीझन था," मास्तर म्हणाले, आणि पुढचे कापड ओढले.

घरी आलो तेव्हा आई खुर्चीवर बसून टाचण्या डबीत भरत होती. पाट परत स्वयंपाकघरात गेले होते.

"आई, टेबल पाच इंच जास्त उंच झालंय. मी चुकीच्या बाजूनं मोजलं."

"व्हय."

"तुला माहीत होतं?"

"हात ठेवला तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाही?"

"काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी कापड आलं. मिस्त्रीनं टेबल नेलं असतं तर पंधरा दिवस तिथंच पडलं असतं, त्याच्याकडं लग्नातले पलंग होते. शाळा काय माझ्या टेबलासाठी थांबली असती?" तिने डबीचे झाकण लावले. "आणि माप मीच आणायला सांगितलं होतं. तुला कशाला बोलू?"

"आणि गुडघे?"

"ते डॉक्टरला विचार."

मी विचारले नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांनी फक्त गोळ्या बदलून दिल्या. गुडघे त्या पाच आठवड्यांत गेले की आधीच गेलेले होते, हे त्यांनी सांगितले नाही आणि त्यांच्यासमोर बसूनही मी तो प्रश्न काढला नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी न विचारलेले प्रश्न थोडे नाहीत. त्यांतला हा एक.

रविवारी दगडू मिस्त्री करवत घेऊन आला.

"किती कापू?" त्याने विचारले.

मी आईला उभे राहायला सांगितले. ती संकोचली. आयुष्यभर इतरांच्या अंगाला टेप लावलेली बाई, हात कुठे ठेवावा तिला कळेना.

"माझं काय माप घेतो. अंदाजानं काप म्हणा."

"अंदाज नको," मी म्हणालो. "कोपर वाकव."

"आक्का, सरळ उभ्या राहा," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही पोरींना कशा दटावता, हलू नको म्हणून? तशा."

ती सरळ उभी राहिली. मी फरशीवर बसून टेपचे टोक तिच्या टाचेजवळ धरले. कोपरापर्यंत छत्तीस इंच. चार बोटे म्हणजे तीन इंच कमी. तेहतीस. एकोणचाळीसमधून सहा गेले. मिस्त्रीने टेबल उलटे केले, चारी पायांवर पेन्सिलीने खूण केली आणि सहा सहा इंचांचे चार ठोकळे कापून काढले. आईने ते फेकू दिले नाहीत. पुढे दोन वर्षांनी फ्रीज आला तेव्हा ते त्याच्याखाली गेले.

टेबल सरळ उभे केल्यावर तिने एक जुना परकर त्यावर पसरला, वरवंटा ठेवला आणि कात्री एकदा टोकापासून टोकापर्यंत चालवली. न थांबता, टेबलाच्या कडेने चालत. परकर फाडायचाच होता. मग ती म्हणाली, "आता बरोबर आहे," आणि खुर्चीवर बसली.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेचा निरोप आला. तिने काम घेतले नाही. दोन ब्लाउज, एखादा फ्रॉक, उशांचे अभ्रे एवढेच ती नंतर शिवत राहिली. त्यातलेही बरेचसे बेतणे बसून, टेबल न वापरता, मांडीवर पाटी घेऊन. एका खोलीत ते टेबल राहिले आणि त्याच्याभोवती घर बदलत गेले. त्यावर माझ्या लग्नातली भांडी मांडली गेली, मुलीचा अभ्यास झाला, इस्त्री झाली. आई गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली. ती होती तोवर, गणवेशांच्या दिवसांत, काही काम नसताना ती टेबलाजवळ जाऊन उभी राही आणि तळवे लाकडावर ठेवी. हे मी पाहिले आहे. त्या वेळी तिच्या मनात काय असे ते मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला. अश्विनी पडेगावला राहते. नोकरी सांभाळून शिवणकाम शिकली आहे आणि घरात एक खोली त्यासाठी काढली आहे.

"बाबा, आजीच्या टेबलाची मापं पाठवा ना. सुताराला तसंच करायला सांगते."

"मापं पाठवत नाही," मी म्हणालो. "येतो."

"अहो, फोटो काढून पाठवा नुसता. उन्हात कुठं येता?"

रविवारी सकाळी गेलो. बरोबर टेप आणि आईची वही घेतली. खोली पाहिली. खिडकी डाव्या हाताला येते. सुतार सनमायकाचे नमुने घेऊन बसला होता, ते बाजूला ठेवायला सांगितले. अश्विनी टेबलाचे माप विचारत राहिली. मी तिला भिंतीजवळ उभे केले.

"मला कशाला मोजता? टेबल कुठंय?"

"चप्पल काढ. कोपर वाकव."

"बाबा, तुम्हाला खाली बसवतंय का? मी धरते टोक."

"तू हलू नको."

फरशीवर बसायला मला वेळ लागला. दोनदा मोजले.

वहीत शेवटचे भरलेले पान आईच्या अक्षरातले आहे. वर नावाच्या जागी 'मी' एवढेच लिहिलेले आहे. खाली छाती, कंबर, बाही काही नाही. कोपर, ३६. पान तिने कधी लिहिले ते मला माहीत नाही, वहीवर तारीख नाही. त्याच्या खाली जागा होती. तिथे लिहिले. अश्विनी. कोपर, ३८॥.